काळ्या दरवाज्यापलीकडे कोणीही जाऊ नये याबाबत

रानजाई सातखोरे,

खेळात तू स्वतःला दिलेल्या या पूर्ण नावाने मी तुला आज पहिल्यांदाच हाक मारतो आहे. अकरा वर्षांत एकदा मारली असती तर तुला बरे वाटले असते, हे मान्य आहे. वकीलबाईंनी या आरंभाला हरकत घेतली. "काका, मृत्युपत्र मागे राहणाऱ्यांसाठी असतं." मी म्हटले, "बायकोला विचारल्याशिवाय मी आजवर कुठेही सही केलेली नाही. या वयात सुरुवात करणार नाही." त्यांनी चष्मा पुसला आणि विषय सोडला.

तर मी, वय वर्षे बाहत्तर, महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाचा निवृत्त अधीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, परंतु ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरात दबाव आणायला कोणी उरलेलेच नाही.

कलम १. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक आपल्या मुलीला मिळावी. स्वयंपाकघरातील खिडकी नीट लागत नाही, ती तिने दुरुस्त करून घ्यावी. "या रविवारी बघतो" असे मी तुला एकोणीस वर्षे सांगत आलो.

कलम २. विभागात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना काहीही देऊ नये. अर्धवट उत्तरांना "प्रयत्नाचे गुण" देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. माझ्या कारकिर्दीत अर्धवट ते अर्धवटच होते.

कलम ३. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुझा धाकटा भाऊ ते टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र घेऊन आला. "ताई, सहा आठवडे पाय हलवायचा नाही ना? मग इथे हिंड." सहा आठवड्यांची अकरा वर्षे झाली. दिवसभर दुकानात लोकांचे फाटके कपडे रफू करायचे आणि संध्याकाळी त्या सात खोऱ्यांत जाऊन लोकांचे फाटके संसार. खेळातले मुख्य काम एकच होते: काळा दरवाजा उघडून गादीचा निर्णय करणे. त्या दरवाज्यापर्यंत जाऊन तू चौदा वेळा परत फिरलीस. मी मोजले आहे.

"अगं, राजा खोळंबलाय."

"खोळंबू दे. नावाड्याची मुलगी सापडली नाही अजून."

"संपव एकदाचं!"

"अहो, तुम्हाला कसली घाई? निकाल जाहीर करायचाय?"

तू गेलीस, आणि तुझे एवढे एकच काम अपुरे राहिले आहे असे माझ्या मनाने घेतले. मी ते पूर्ण करायला बसलो. चालायला शिकण्यात सात आठवडे गेले. तेवीस वेळा नदीत पडलो. एकदा तुझ्याच घोड्याने मला लाथ मारली. अखेरीस काळा दरवाजा उघडला.

आत तीन दांडे होते. मधला ओढला. मुकुट वितळला आणि एक घोगरा आवाज म्हणाला, "प्रवासी आली, प्रवासी गेली." घड्याळ लावून सांगतो, चाळीस सेकंद. नावाड्याच्या मुलीचा उल्लेख नाही. ज्या दोन भावांचे मधमाश्यांवरून चाललेले भांडण तू मिटवलेस, त्यांचा नाही. तुझा तर नाहीच. त्यानंतर खेळ बनवणाऱ्यांची नावे बावीस मिनिटे सरकत होती. ती मी शिस्तीने सगळी वाचली. मग यंत्राने मला पुन्हा दरवाज्याबाहेर आणून उभे केले, जणू काही घडलेच नाही.

मी नावाड्याकडे गेलो. तो म्हणाला, "नवीन दिसतेस. माझी मुलगी पाहिलीस का कुठे?"

तू शोधून आणलेली ती मुलगी त्याच्या पाठीमागे जाळे विणत बसली होती!

त्या शेवटाला मी शंभरपैकी अकरा गुण देतो, तेही संगीताचे. कंपनीला तीन पत्रे लिहिली. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असे एकच उत्तर तीनदा आले. त्याहून वाईट म्हणजे यंत्र आपणहून नवे सगळे जुन्याच्या जागी जपून ठेवते, हे मला ठाऊक नव्हते. माझा शेवट तुझ्या अकरा वर्षांवर बसला. तुझे जग मी स्वतःच्या हाताने पुसले.

मी तुझ्या भावाला फोन करून वाट्टेल ते बोललो. "ते पाप घरात तूच आणलंस," म्हटले. तो म्हणाला, "भाऊजी, ताईच्या खेळाची एक प्रत माझ्याकडे आहे. ताई दर महिन्याला द्यायची."

"कशासाठी?"

"म्हणायची, ह्यांना अर्धवट काही बघवत नाही. मी गेले की बसतील आणि संपवून मोकळे होतील."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि नऊ वर्षांपूर्वी नेलेली आपली शिडी परत मागितली.

त्या प्रतीत तू तुझ्या तिथल्या घरात उभी आहेस. मेजावर दोन थाळ्या आहेत. एकीशेजारी लाल शाईचा बोरू ठेवलेला आहे. अकरा वर्षे मी तुझ्या पाठीमागच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो. तो बोरू मला कधी दिसला नाही.

म्हणून: यंत्र व ती प्रत तुझ्या भावाला आणि आपल्या मुलीला समाईक मिळावी. त्यांनी खोऱ्यांत हवे तितके हिंडावे, अडल्यानडल्याला मदत करावी, मेजावरचे काहीही हलवू नये. काळ्या दरवाज्यापलीकडे कोणीही, कोणत्याही कारणाने, जाऊ नये. मुलीने विचारले, "बाबा, मग तो खेळ संपणार कधी?" ती माझीच मुलगी आहे. तिला मी या कलमाचा हवाला देतो.

कलम २ मध्ये दुरुस्ती: त्या गृहस्थांना माझे लाल पेन द्यावे.

कलम ४. तुझ्या दुकानातील न नेलेले सतरा कपडे मी घरोघरी पोचवले. प्रत्येक दारात तुझ्याविषयी कोणी ना कोणी बोलले. एका बाईंनी मला तासभर सोडले नाही. अठरावा कपडा माझा तपकिरी कोट. गिऱ्हाइकांचे आधी, नवऱ्याचे नंतर, या तुझ्या नियमामुळे त्याच्या डाव्या कोपराचे रफू अर्धेच झाले आहे. मला निरोप देताना तो माझ्या अंगावर असावा. उरलेले भोक कोणीही बुजवू नये. त्यात तशीच राहिलेली तुझी सुई काढून मुलीला द्यावी.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या समक्ष सही केली. मेहुणा लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाही. तो बाहेर शिडी धरून उभा आहे.

(सही) मृत्युपत्र करणारा
साक्षीदार १: (सही) शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातील बाई
साक्षीदार २: (सही) समोरचे चष्मेवाले
स्थळ: तुझे रफूचे दुकान. दिनांक ९ मार्च, दुपारी बारा.

नोंद: सह्यांनंतर तुझ्या दुकानाची पाटी उतरवली. शिडी घरी नेली. दुकानाच्या दाराला कुलूप लावले व दोन्ही किल्ल्या जागामालकांना परत केल्या.