राजासमोरचं प्यादं

द्वारका, नाशिक
९ डिसेंबर २०२४

श्री. वेणीमाधवभावजी,

सप्रेम नमस्कार. थंडी फार पडलीय, तुमचा गुडघा काय म्हणतो? फोन केला की "वहिनी, बरं आहे ना?" एवढं विचारून तुम्ही ठेवून देता, म्हणून पत्रच लिहायला बसले.

बातमी अशी की मी बुद्धिबळ शिकतेय. हसू नका! हे होते तेव्हा तुम्हा दोघांच्या डावांना मी चहा पुरवला, पण पटाकडे कधी नीट पाहिलं नाही. आता खालच्या मजल्यावरची वेदिका शिकवते. कॉलेजातली पोर, पण रागावते मास्तरणीसारखी. पहिल्याच डावात मी वजीर पुढे दामटला. म्हणाली, "आजी, आधी मधली घरं धरा. घोडे, उंट बाहेर काढा. वजिराला कसली घाई?" पण घोडे हलवायला माझा हातच होईना. घरातलं माणूस बाहेर पाठवलं की काय होतं, ते देवव्रतला बंगळुरूला पाठवून बघितलंय मी.

मग राजाला कोपऱ्यात नेऊन बसवायचं शिकले. शेजारी हत्ती, पुढे तीन प्यादी. हे मात्र फार आवडलं. कुणाचा त्रास नाही.

काल माझा हत्ती दुसरीकडे गेलेला बघून वेदिकाचा हत्ती थेट माझ्या शेवटच्या ओळीत घुसला. शह! राजाला पळायला जागाच नाही, वाट अडवून आपलीच प्यादी उभी. "एक प्यादं आधीच एक घर पुढे सरकवायचं असतं, आजी. नाहीतर राजा आपल्याच माणसांत कोंडून मरतो." मी तिच्या हातात लाडू दिला आणि आत जाऊन रडले.

भावजी, हे गेल्यावर तेराव्यापर्यंत तुम्ही एकलहऱ्याहून रोज आलात. मग एकदम बंद. एकट्या बाईच्या घरी संध्याकाळी कसं जायचं, सोसायटी काय म्हणेल, हे कळतं मला. माझ्याच भल्यासाठी केलंत. पण मला करमत नाही हो. अजिबात करमत नाही.

देवव्रतला सांगून टाकलंय, रविवारपासून भावजी खेळायला येणार. तो जरा घुटमळला, "आई, पण लोक..." मी म्हटलं, "लोक येतात का माझ्यासमोर बसायला?"

तेव्हा याच. माझा खेळ अगदीच कच्चा आहे, चार चालींत आटपेल. म्हणून एवढीच विनंती : मला लवकर हरवू नका.

तुमची वाट पाहणारी,
गोदावरी