सही जुळत नाही

शुक्रवार, २४ एप्रिल

प्रिय बजरंग,

दोन गल्ल्या ओलांडून पाच मिनिटांत तुझ्या ओट्यावर येऊन बसता आलं असतं, तरी पत्र लिहिते आहे. समोर बसले तर तू आवाज चढवशील, मग मीही चढवीन, राजेश्री चहा ठेवायला उठेल आणि बोलायचं ते राहून जाईल. आपल्या घरातली सगळी भांडणं आजवर अशीच मिटली, म्हणजे मिटलीच नाहीत. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस, माझ्याकडे दुसरी प्रत आहे. बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई आहे मी.

मला सरपंच तूच केलंस, हे मी विसरलेले नाही. जिंतूरच्या शाखेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, तुझे दाजी गेल्यावर तिकडे माझं कोणी उरलं नव्हतं, म्हणून माहेरी येऊन माझ्या वाट्याच्या जागेत दोन खोल्या बांधल्या. त्याच वर्षी सरपंचपद बायकांना राखीव सुटलं. राजेश्रीला उभं करावं तर तुमचं तिसरं लेकरू कायद्याला आडवं आलं. मग तू माझ्या दारात आलास. "ताय, तू निस्ती खुर्चीवर बस. बाकी समदं बघायला मी हाय की," असं म्हणालास. मी हसले. तुला वाटलं, हो म्हणाले. प्रचारात तू चपला झिजवल्यास, तेही खरं. पण पेडगावच्या शाखेत असताना या गावातल्या निम्म्या बायकांची खाती मी स्वतः फॉर्म भरून उघडली होती, आणि मतं त्यांनी मला दिली. नागनाथ चौकात मला पंतप्रधान म्हणतो. म्हणू दे. अकराशे मतांचं का असेना, ते सरकार आहे आणि त्याची प्रमुख मी आहे. तो उपसरपंच आहे, हे त्यानं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

पहिल्या दिवशी तू तुझी खुर्ची माझ्या खुर्चीला लावून ठेवलीस. मी ती उचलून टेबलाच्या पलीकडे ठेवली. काउंटरच्या आत गिऱ्हाईक येत नाही, मग तो मॅनेजरचा सख्खा भाऊ का असेना. मग मी परभणीच्या जुन्या बाजारातून पितळी टोकनं शोधून आणली आणि आधी येईल त्याचं काम आधी, असं सुरू केलं. पहिल्याच सोमवारी नागनाथला घराचा उतारा हवा होता आणि तो कुसुमबाईच्या मागं अर्धा तास उभा राहिला. खालच्या वस्तीतली, ऊस तोडून तोडून हाताची सालटी निघालेली बाई पुढं आणि उपसरपंच मागं! नाकापेक्षा मोती जड झाला, असं तू पारावर म्हणालास ते मला संध्याकाळच्या आत कळलं. अरे, नाक कोण आणि मोती कोण, ते आधी ठरवू या की.

पण खरं बिनसलं ते टाकीवरून. पाण्याची नवी टाकी तुझ्या शेताजवळ व्हावी म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तू हात वर करायला चाळीस माणसं आणून बसवली होतीस. जानेवारीत खालची वस्ती गावात असते का? दिवाळी झाली की तिथल्या ऐंशी घरांना कुलपं लागतात, आणि ऊसतोडीला गेलेली माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. ज्यांच्या बायका दोन घागरींसाठी पार ओढ्यापर्यंत जातात, तीच घरं नेमकी सभेला नव्हती. मी ठराव पुढं ढकलला. खातेदार समोर नसताना त्याच्या खात्याला हात लावायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आता ती माणसं आली आहेत. परवा कुसुमबाई विचारून गेली, "बाई, औंदा तरी आमाला इचारून टाकी ठरवायलाव ना? का पुन्ना आमी गेल्यावरच?" मी तिला एक मेची तारीख दिली आहे. दिलेली तारीख मी कधी फिरवलेली नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. या सोमवारी मी नांदेडला डोळे तपासायला गेले नव्हते. हात दाखवायला गेले होते. दीड वर्षापासून माझा उजवा हात थरथरतो. कपबशी वाजते म्हणून मी तुमच्याकडे चहा पेल्यातच मागते. राजेश्रीच्या ते लक्षात आलं असावं, कारण हल्ली ती न विचारता पेलाच आणते. तुझ्या लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधानं कमी होईल, पुरता जाणार नाही. मंगळवारी रात्री तपासण्या आटोपून येताना गाडीत पूर्णा स्टेशन येईपर्यंत मी तोंडाला पदर लावून रडले, खोटं कशाला बोलू. बँकेत सारजाबाई यायच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची सही वहीतल्या जुन्या सहीशी जुळायची नाही आणि त्या ओशाळायच्या. मी त्यांची नवी सही घ्यायचे आणि म्हणायचे, सही बदलली तरी बाई तीच आहे. आता ते माझं मला म्हणायची पाळी आली.

बुधवारी कार्यालयात गेले तर ग्रामसेवक डोळ्याला डोळा देईना. शेवटी त्यानं माझा राजीनामा माझ्यापुढं ठेवला. मंगळवारच्या बैठकीत नागनाथनं तो वाचूनही दाखवला होता. कारण लिहिलंय, प्रकृती ठीक नसल्यामुळे. गंमत बघ, तुम्ही कारण खोटं शोधलंत आणि ते खरं निघालं. खाली माझी सही आहे. काय सुरेख सही! राखीच्या पाकिटावर मी करायचे अगदी तशी, एकही अक्षर न थरथरलेलं. अशी सही मला दीड वर्षात एकदाही जमलेली नाही. आणि नावाखालची रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली आहे. पेन पहिल्यांदा टेकतो तिथं शाईचा ठिपका पडतो, तो उजव्या टोकाला आहे. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच. हातच्या कंकणाला आरसा कशाला.

मला संताप आला, पण त्याच्या आधी लाज वाटली. या घरातली पहिली खोटी सही माझी आहे. तू सहावीत गणितात नापास झालास, अण्णांच्या भीतीनं कडब्याच्या गंजीमागं लपून बसलास, आणि मी प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही ठोकून दिली. वर पुढच्या वेळेसाठी ती तुला शिकवली. भावाला वाचवलं म्हणून मी तेव्हा केवढी खूश होते! ती चूक माझी होती आणि मी ती पदरात घेते. ही मात्र तुझी आहे.

बँकेत सही जुळली नाही की आम्ही चोर चोर म्हणून ओरडत नसू. चेक परत करताना चिठ्ठीवर तीन शब्द लिहायचे, सही जुळत नाही. पण माणूस ओळखीचा असला की चिठ्ठी लावायच्या आधी मी निरोप धाडायचे, एकदा स्वतः येऊन जा. हे पत्र त्याच निरोपासाठी लिहिलं. राजीनामा आपला नाही असं सांगायला कायद्यानं मला सात दिवस दिलेत. सोमवारी पहिल्या गाडीनं मी परभणीला जाऊन कलेक्टर कचेरीत अर्ज देणार आहे. तो लिहून तयार आहे. त्याआधी तू ग्रामसेवकासमोर येऊन आपल्या तोंडानं कबूल केलंस, तर पुढं जे काही होईल त्यात मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तर सही कोणाची असं मला विचारतील आणि मी डावखुऱ्याचं नाव सांगेन. या वेळी तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी सही करणार नाही. तू आलास तरी एक मेच्या सभेत खुर्चीवर मी असेन, आणि न आलास तरी मीच असेन. आलास तर समोरच्या माणसांत माझा भाऊ असेल, एवढाच फरक. खाली सही करते आहे. वेडीवाकडी आहे, नीट बघून ठेव. माझी हीच आहे.

तुझीच ताई,
विजयमाला