तळपायाचा तीळ

४ जानेवारी २०२५
उजव्या तळपायाला, टाचेजवळ, काळा तीळ सापडला. तळपायाला तीळ म्हणजे परदेशप्रवास, आई नेहमी म्हणायची. म्हणजे लेक मैत्री यंदा कॅनडाला बोलावणार. तिचं गेली चार वर्षं ‘बघू पुढच्या वर्षी’ चाललंय. नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. संकल्प: रोज चालणे, इंग्रजी बातम्या, पासपोर्ट रिन्यू.

१९ फेब्रुवारी
तीळ मोठा झालाय. मुक्काम लांबणार असं दिसतं. लक्ष्मी रोडवरून सूटकेस आणली. ही म्हणाली, तिकीट कुठाय? आमच्या घरात उत्साहाला किंमत नाही.

२ एप्रिल
तीळ दुखतो. फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, जरा लांबून. कुरूप वाटतंय, म्हणाले. खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत जन्मभर इन्स्पेक्शनला होतो. बारीक डाग दिसला की शेल रिजेक्ट. मला डाग शिकवतात. तरी कॉर्न कॅप लावली.

२० मे
कॅप काढली तर रक्त. चपलेचा दोष. उद्यापासून घरातही सॉक्स. पासपोर्ट राहिलाय. चालणंही.

११ जून
फरशीवर डाग पडले, हिला कळलं. स्किन स्पेशालिस्टकडे नेलं. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? जन्मापासून, म्हणालो. नंतर उगवलेल्या तिळाला योग नसतो. डॉक्टर तसंच लिहू लागले. ही शांतपणे म्हणाली, लग्नात माझ्या बाबांनी यांचे पाय धुतलेत. बाबांनी यांच्या धोतराच्या काठातही खोट काढली होती, डाग सोडला नसता. डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि पुन्हा भिंग घेतलं. तुकडा तपासायला पाठवलाय.

२४ जून
मेलानोमा. त्वचेचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, तळपाय कोणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतं. मी तर रोज बघत होतो. कौतुकानं बघत होतो. सोमवारी ॲडमिट, आधी स्कॅन, मग ऑपरेशन. जांघेत गाठ आली तर पसरलाय असं समजायचं.
बाथरूमचं दार लावून, नळ सोडून रडलो. फार भीती वाटते. ही बाहेरून म्हणाली, पाणी वाया जातंय. नळ बंद केला. ही दाराशीच बसून होती.

२५ जून
मैत्रीला फोनवर सांगितलं, साधं कुरूप आहे, काढणार. हिनं फोन ओढून घेतला. मैत्रीनं लगेच तिकीट काढलं, नातीला घेऊन शनिवारी पहाटे पोचते. तीळ माझ्या पायाला, प्रवास तिला.

२७ जून
हॉस्पिटलसाठी सूटकेस भरली. दोन पायजमे, टॉवेल, फाइल. निम्मी रिकामीच.
आंघोळ करताना उजव्या जांघेत काहीतरी हाताला लागलं. सुपारीएवढं. लंगडत चालण्याचा ताण असेल. सोमवारी स्कॅनमध्ये बघतीलच ते. तोवर हिला काही बोलणार नाही.
उद्या मैत्री येते. नातीला मांडीवर घेईन. डाव्या.