चादरीखाली कोण होतं

श्रीरामपूर,
४ नोव्हेंबर

प्रिय माधुरीताई,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, तब्येतीने आम्ही दोघी बऱ्या आहोत. हातात मोबाईल असताना हे काय खूळ, असं तू म्हणशीलच. कारण आहे, पण तुझी शेवटचं पान आधी वाचायची खोड मला माहीत आहे, म्हणून सुरुवातीपासून वाच.

प्रवीणच्या जागी मला घ्यायचा कागद एसटी डेपोतून नगरला गेला आहे. साहेब म्हणाले, मार्चपर्यंत काम होईल. होईल किंवा होणार नाही, मला दोन्हीचं काही वाटत नाही. तो जाऊन पाच महिने झाले आणि पाच महिने मला कशाचंच काही वाटत नाही. जलदान विधीच्या दिवशी तू मला कोपऱ्यात ओढून रड म्हणालीस, तेव्हा मी तुला आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगितलं होतं. अजूनही तसंच चाललंय. सकाळी उठते, सांचीचा डबा करते, शिवणाच्या दुकानात जाते, परत येते. दिवाळीमुळे ब्लाऊजचे ढीग पडलेत, ते एक बरं आहे.

आता सांचीचं सांगते. शनिवारी तिच्या शाळेत हॅलोवीन केलं. आपल्या लहानपणी भूत पिंपळावर फुकट राहायचं, आता फी भरून वर्गात आणतात. केजीच्या दाराशी काळे कागद, कापसाची जाळी, थर्माकोलचा सांगाडा, आणि काठीवर पांढरी चादर टाकून उभं केलेलं एक भूत, तोंडसुद्धा झाकलेलं. पुष्कळ पोरं रडली. ज्योती मॅडमनी एकेकाला सांगाड्याशी शेकहॅन्ड करायला लावला, तशी ती हसायला लागली. सांचीनेही केला म्हणे. मग वळली, चादर दिसली आणि तिला उभ्या उभ्या सू झाली. रडली नाही, ओरडली नाही. मी न्यायला गेले तेव्हा ओल्या कपड्यांत बाकाखाली बसली होती.

त्या दिवसापासून ती पुढच्या खोलीत पाय ठेवत नाही. स्वयंपाकघरातच जेवते, तिथेच झोपते. दोरीवर पांढरं काही वाळत घातलं की आत पळते. शाळेचं नाव काढलं की दातखिळी बसते. मी सोमवारी सकाळी शाळेत जाऊन ज्योती मॅडमना नको नको ते बोलले. चार वर्षांच्या लेकरांना असलं दाखवता, लाज वाटत नाही का, वगैरे. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मला दुपारी कळलं.

झालं असं, की शेजारच्या छबूबाई त्या दिवशी कबरस्तानात निघाल्या होत्या. प्रवीण गेला तेव्हा तीन दिवस आपल्याला पिठलं-भाकरी आणून देणाऱ्या त्याच. ख्रिस्ती लोकांत दोन नोव्हेंबरला आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, फुलं घालून मेणबत्त्या लावतात. पोर घरात कोंडून बसलीय, घेऊन जाते म्हणाल्या. भुताला भ्यालेलं लेकरू कबरस्तानात न्यायचं, मला हसू यायला हवं होतं. मी जा म्हणाले, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो.

तिथे सांची अजिबात घाबरली नाही. झेंडूची फुलं मांडली, बिस्किटं खाल्ली, आणि कबरीला हात लावून आत कोण आहे असं विचारलं. छबूबाई म्हणाल्या, ‘आमचे मालक हायेत बाई. मेले ते. आता त्यांना येता येत न्हाई, मंग आपुनच यायचं.’ त्यावर सांचीने विचारलं, मुक्कामाला गेलेल्या माणसाला येता येतं का? कंडक्टरची पोर ती. मुक्कामाची गाडी म्हणजे बाप रात्री नाही आणि सकाळी हजर, हे तिला पाठ. आपण तिला तेच सांगितलं होतं ना, पप्पा लांबच्या मुक्कामाला गेलेत, दिवाळीच्या सुट्टीत येतील म्हणून. छबूबाईंनी तिला घरी आणलं. मला दारातच म्हणाल्या, ‘यशोधरा, लेकराला खोटं नगं सांगू. तिला लई कळतं.’

दिवाळी चार दिवसांवर आलीय, ताई. मी तिला समोर बसवलं आणि गाडीची वेळ सांगावी तसं सांगून टाकलं, की तुझे पप्पा मुक्कामाला नाहीत, ते वारले. ती म्हणाली, त्या चादरीवाल्याने नेलं ना? जूनमध्ये तो आपल्या पुढच्या खोलीत येऊन झोपला होता, पांढऱ्या साड्या नेसलेल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती बसल्या होत्या, आणि तेव्हापासून पप्पा आले नाहीत. आता तो शाळेत आलाय, तिला न्यायला.

पाच महिने ती प्रवीणला भीत होती. तिला खांद्यावर घेऊन डेपोतल्या सगळ्या गाड्या दाखवणाऱ्या माणसाला.

तो चादरीवाला म्हणजेच पप्पा होते, हे मी तिला परवापासून चार वेळा सांगितलं. तिला पटत नाही. ती म्हणते, मावशीने सांगितलंय ते पप्पा नाहीत. आठवतं का, त्या दिवशी ती त्याच्याकडे धावली तेव्हा तू तिला उचललंस, तिचं तोंड स्वतःच्या मानेत दाबलंस आणि म्हणालीस, ते पप्पा नव्हेत गं, पप्पा गाडीवर गेलेत. मी तिथेच उभी होते आणि मीही मान हलवली. तुझ्यावर बोट ठेवत नाही. तुझ्या जागी मी असते तर हेच बोलले असते. पण ते तू बोललीस, आणि तिचा तुझ्यावर विश्वास आहे. रविवारचा तुझा फोन तीच उचलते, तीच स्पीकरवर टाकते, म्हणून हे लिहावं लागलं. दिवाळीला पप्पा येणार असं आता फोनवर म्हणू नकोस. त्यापेक्षा तूच ये. पुढच्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बस आणि चादरीखाली कोण होतं ते तुझ्या तोंडाने सांग. तेव्हा मलाही जवळ बसवून घे. त्याला उचलायच्या आधी भीमाबाई आत्या मला म्हणाल्या होत्या, शेवटचं तोंड बघून घे बाई. मी पाण्याचा हंडा उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. ताई, मी बघितलंच नाही.

तुझीच,
यशो