झाडाखालचे वाचक

सिल्वासा, ४ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढला की तू रेंज गेल्याचं सोंग करतोस, म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही.

आमच्या ग्रंथालयात तपासणी समिती यायची आहे. विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांना आणि गावाला इथून काय मिळतं, ते पाहायला. मग कुलसचिव साहेबांनी पहिलं काम काय केलं? गावाला बाहेर काढलं. वाचनकक्ष स्वच्छ दिसला पाहिजे, सबब बाहेरच्यांना प्रवेश बंद. त्याच दारावर रंगवून घेतलं, 'ज्ञानाचे दार सर्वांना खुले'. खाली दुसरी पाटी: रंग ओला आहे, दाराला हात लावू नये.

कावेरी म्हणून पारोळ्याकडची एक मुलगी आहे. राखोलीला धाग्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असते. मे महिन्यात तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा. खोलीवर रात्रपाळीच्या बायका दिवसा झोपलेल्या, दिवा लावला की शिव्या. म्हणून सकाळी माझ्याकडे यायची. तिला लागणारी जाड पुस्तकं संदर्भ विभागातली, घरी देता येत नाहीत. आता ती सायकल स्टँडजवळच्या जांभळाखाली बसते आणि मी खिडकीतून झेरॉक्स देते, तुरुंगात डबा द्यावा तशी. काल म्हणाली, आम्ही काढलेल्या धाग्याचे नवे पडदे तुम्हाला आत चालतात, मग आम्हीच का चालत नाही?

वहिनीला नमस्कार. लोभ तू पाठव. राग माझ्याकडे भरपूर आहे.

तुझी विजया

दापोली, ११ एप्रिल २०२५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिफाफासुद्धा गरम लागला. आई तुझ्या पानात लोणचं वाढत नसे, ते उगाच नव्हे.

तहसील कचेरीत जन्म काढलेल्या भावाचं ऐक. साहेबाशी भांडू नकोस. आदेश लेखी माग आणि मिळाला की अक्षर न् अक्षर पाळ. भांडणारा माणूस साहेबाला सांभाळता येतो, पाळणारा नाही.

त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. तब्येतीला जप, जिभेला जरा जास्त.

तुझा दादा, रघुनाथ

सिल्वासा, २६ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. गावचे वाचक म्हणून कचेरीतल्यांचे नातेवाईक बसवले होते. निलेश क्लार्कची सासू चिमाबाई पहिल्या खुर्चीत, हातात चित्रकलेचं पुस्तक. समितीतल्या एक मॅडम मराठी निघाल्या. त्यांनी विचारलं, रोज येता का? चिमाबाईनं सरळ सांगितलं की आज जेवण आहे म्हणून जावयानं आणलंय, रोज वाचणारी पोरं ती काय, बाहेर जांभळाखाली. मला वाटलं, झालं! उघडलं दार!

मॅडम बाहेर गेल्या, कावेरीशी बोलल्या, फोटो काढले आणि शेरा लिहिला: 'वृक्षतळी वाचन, अभिनव व अनुकरणीय उपक्रम.'

साहेबांनी पेढे वाटले. मी माझा खिडकीतून फेकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मावलं की बाहेरच्यांनी आता कायम झाडाखालीच बसायचं. एप्रिलच्या या उन्हात! कावेरीनं झेरॉक्सची चळत परत आणून दिली. डोळे दुखतात, ताई, पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

तेव्हा मी तुझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच, वहिनीला सांगू नकोस. आदेश लेखी मागितला. 'बाहेरील वाचकांनी झाडाखाली बसून वाचावे. ग्रंथपालांनी तशी व्यवस्था करावी.' खाली साहेबांची सही. झाड कुठं असावं, याबद्दल एक अक्षर नाही.

साहेबांच्या केबिनबाहेर मोठ्या कुंडीत रबराचं झाड होतं. मी आणि विश्वनाथ शिपायानं ते ढकलत संदर्भ विभागात आणलं, पंख्याखाली. कावेरीला निरोप धाडून बोलावलं. आता ती तिथं बसते, समोर ती जाड पुस्तकं, आणि पान सारखं डोक्याला लागतं म्हणून माझ्यावरच कुरकुरते. साहेब आले, लाल झाले, मेमो देतो म्हणाले. मी त्यांच्याच सहीचा कागद पुढं केला. मेमो येईल. येऊ दे.

वहिनीला म्हणावं, अंगणातल्या कुंड्या मिळेल त्या गाडीनं धाडून दे. राखोली-रांध्याच्या कारखान्यांतली वाचक मंडळी रोज वाढतायत, आणि साहेबांच्या केबिनबाहेर आता एकही झाड उरलेलं नाही.

लोभ होता तेवढाच ठेव. राग अजून उतरलेला नाही.

तुझी विजया