टेकडीवरची लाल टिंबं

तिसगाव,
१८ सप्टेंबर २०२२

चि. मनकर्णास,
दादाचे आशीर्वाद. इकडे तुझी वहिनी, मुलं बरी आहेत. बाजरी निसवली आहे. तुझ्या वस्तीवर फोन लागत नाही, म्हणून दूधगाडीवाल्या हनुमंताकडे चिठ्ठी देतो आहे.

हरणी गाय लंपीनं गेल्याचं त्यानंच सांगितलं. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मीच ती तुझ्या दावणीला बांधली होती. परवा भेटायला आलो, तर दाजी बांधावरच म्हणाले, "या नकाशावाले! आख्खा तालुका दिसतो तुमाला, आमची वस्ती तेवढी दिसली न्हाई व्हय?" तसाच माघारी फिरलो. तू दाराआड होतीस. पदर दिसला.

गावात म्हणतात, गुरांच्या डॉक्टरबाईंनी लस देताना डावं-उजवं केलं. मी ऐकून घेतो. मनू, ते खरं नाही.

लंपीच्या साथीतल्या आजारी जनावरांची मोबाईलवर नोंद करायचं काम पंचायतीनं मला दिलं. दिवसभर गोठे फिरायचो आणि सांजेला नाथांच्या टेकडीवर, देवळाच्या पायरीवर बसून नोंदी भरायचो. तिथं रेंज येते, शिवाय एकेका गुराचं दुखणं नाथांच्या कानावर घालता येतं. पण नोंद भरताना आपण जिथं असू, तिथंच मोबाईल लाल टिंब टाकतो, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या भावकीची आजारी गुरं नकाशावर देवळाच्या पायरीवर जमा झाली. लस थोडी होती, ती टिंबं पाहून टेकडीभोवतीच्या गोठ्यांना गेली. तेव्हा हरणी धडधाकट होती गं.

काल डॉक्टरबाईंनी नकाशा दाखवला. म्हणाल्या, "भिमाजी, लंपी तुमच्या नाथांनाच झाला की काय?"

आज टेकडीवर गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

उरलेली लस उद्या सकाळी निघेल, नव्या टिंबांप्रमाणे. हरणीच्या कालवडीच्या अंगावर अजून गाठ नाही, असं हनुमंत म्हणतो. रेंज नसली तरी गोठ्यात उभं राहून भरलेली नोंद ती जागा धरून ठेवते, हे बाईंनी आता शिकवलं आहे.

आजच चिठ्ठी मिळेल, तेव्हा मी तुमच्या बांधावर असेन. दाजींना म्हणावं, आत बोलावू नका, पाणी विचारू नका, हवं तेवढं बोला. फक्त मोबाईल घेऊन हरणीच्या खुंट्यापाशी मला घडीभर उभं राहू द्या.

देवळात जावं तसा पाय धुऊनच येतो.

बांधावर थांबलेला,
तुझा दादा