रविवारी गाळ काढायचा आहे

वसई,
बुधवार, ३० एप्रिल १९८६

प्रिय मार्गारेट,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तुझी खुशाली कळवत जा. एवढं लिहिल्याशिवाय माझा पेन पुढे सरकत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. कुवेतचा उन्हाळा सोसवतो का? इस्पितळात अजून रात्रपाळ्याच देतात का? तू पाठवलेलं कापड पोचलं. इतकं सुरेख आहे की कात्री लावायचा धीर होत नाही. लोकांच्या कापडाला मी बिनधास्त कात्री लावते, हे मात्र कुणाला सांगू नकोस.

तुझ्या भावाचं, प्लासिडचं, तू मागच्या दोन्ही पत्रांत विचारलंस. त्याचं लिहिते, पण आधी माझी बातमी सांगू दे.

मला धंदा चालून आला आहे. जागेच्या दलालीचा. हसू नकोस. आता दलाल म्हणत नाहीत, इस्टेट एजंट म्हणतात, कार्डही छापून देतात. यांचा चुलतभाऊ तुळशीदास वाड्या विकत घेणाऱ्या त्या शेठच्या ऑफिसात असतो, तुला ठाऊकच आहे. तो गेल्या आठवड्यात आला, चहा घेतला आणि म्हणाला, “वहिनी, आम्ही वाडीवर गेलो की पुरुष ओट्यावर बसून हो हो करतात. मग आतून बाई काहीतरी बोलते आणि सगळं फिसकटतं. तुम्ही तर आतच असता. मापं घेताना बायका तुमच्याशी मोकळं बोलतात. तुम्ही फक्त बोलायचं. कागदांचं आम्ही बघू.”

खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. इतकी वर्षं मशीन चालवते आहे, पण मला काही येतं असं आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. आणि मला येतं, मार्गारेट. कुठल्या घरात सासू कारभारी आहे, कुठे सुनेचं चालतं, कुठली बहीण भावावर रुसली आहे, हे मला ब्लाउजच्या मापांइतकं पाठ आहे. मनवेलपाड्याला नव्या इमारतीत एक खोली आपल्या नावावर होईल, असंही तो म्हणाला. गिरणी बंद पडल्यापासून हे घरात बसून आहेत. खोलीचं ऐकून त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून दाढी केली.

मी म्हटलं, विचार करून सांगते. तुळशीदास हसला. उठताना म्हणाला, “ऑफिसात स्कूटर पडून आहे. हरिश्चंद्रभाऊंना न्यायला सांगा. उगाच गंजते.”

हे दुसऱ्याच दिवशी जाऊन घेऊन आले. अंगणात उभी केली आणि मला हाक मारली. हँडलखाली वेलंकनी मातेचं चित्र आहे, एक कोपरा सुटलेला. ते तू प्लासिडला चिकटवून दिलं होतंस.

आता प्लासिडचं सांगते. तुला नीट कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण तुझी आई लिहून घ्यायला माझ्याकडे येते आणि प्रत्येक वेळी म्हणते, एवढं नको लिहू.

वर्षभर तो शेठचं काम करत होता. आळीतल्या लोकांनी त्याच्या तोंडाकडे बघून अंगठे दिले. मग पाळी तुमच्या वाडीची आली. तो नाही म्हणाला. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेच्या मिसानंतर चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर तो बोलला की मी तुम्हाला जे वाचून दाखवलं ते कागदावर नव्हतं, आता मी एकेका घरी येऊन खरं काय ते सांगणार आहे. ईस्टरला तो घरी नव्हता. तुळशीदास म्हणतो, गोव्याला काम लागलं, घाईत गेला. चौकीवरही तुझ्या आईला तेच सांगितलं की मोठा माणूस आहे, येईल.

स्कूटर न घेता, आईला न सांगता, ईस्टरच्या तोंडावर कोण गोव्याला जातं?

त्याच आठवड्यात शेठचे ट्रक आले. आपल्या वाड्यांना पाणी देणाऱ्या बावखलाच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाचा हिस्सा त्याने घेतला आहे, तिथून पाण्यात मुरूम टाकायला लागले. आपला गाळ निघायच्या आधीच. दर वर्षी या दिवसांत प्रत्येक घरातून एक माणूस गाळ काढायला उतरतो, त्याचं यंदा कुणी नावही घेतलं नाही. आणि ईस्टरच्या सोमवारपासून तुझ्या आईने, सालोमीमावशीने, बावखलाचं पाणी घ्यायचं बंद केलं. तिचा पंप बंद आहे. प्यायला ती पार देवळाजवळच्या विहिरीवर जाते. मी म्हटलं, मावशी, केळी वाळतात, जरा तरी शिंपा. म्हणाली, “ते पानी मना नको, बाय.” आणि कळशी उचलून चालायला लागली.

आपल्या आळीची रीत तुला सांगायला नको. बावखलात जीव गेला की गाळ निघेपर्यंत त्या पाण्यावर झाड शिंपायचं नाही. आपण लहान असताना पाटलांची गाय बुडाली, तेव्हाही सगळी आळी थांबली होती. आता तुझी आई थांबलेली बघून शेजारच्यांनी पंप बंद केले. मग त्यांच्या शेजारच्यांनी. आज बावखलाभोवती एकही पंप चालत नाही. पानवेली गेल्या, केळीची पानं काठाने करपली. काय झालं ते सगळ्यांना कळलं आहे. पण बाजारात भेटले तर उन्हाबद्दल बोलतात.

तुळशीदासलाही कळलं आहे, तो इथलाच. गेल्या रविवारी तो म्हणाला, “वाडी सुकली की भाव उतरतो, वहिनी. आताच लागा कामाला.” आपण दुःख पाळतो आणि त्यात त्याची सोय होते. हे ऐकून मला इतकी भीती वाटली की मी त्याला आणखी चहा विचारला.

मग त्याने माझं पहिलं काम सांगितलं. तुमची वाडी. मावशीचा अंगठा ते घेतील म्हणे, पण सातबारावर तुझंही नाव आहे, तुझी सही लागते. मी मैत्रीण म्हणून तुला पत्र लिहायचं, बरोबर मुखत्यारपत्र जोडायचं. मजकूर तो सांगणार.

मार्गारेट, प्लासिड गोव्याला गेलेला नाही. तो बावखलात आहे असं तुझ्या आईला वाटतं. मलाही तसंच वाटतं. इतक्या लांब एकट्या बसलेल्या तुला हे असं कळवायला नको होतं, पण दुसरं कुणी लिहिणार नाही.

माझा निर्णय झाला आहे. मी एजंट होणार नाही. पण तुळशीदासने सांगितलं तसं घराघरांत, आत, स्वयंपाकघरापर्यंत मी जाते आहे. सोमवारपासून सुरुवात केली. ब्लाउज पोचवायच्या निमित्ताने जाते आणि एवढंच म्हणते, रविवारी मिसानंतर गाळ काढायचा आहे, तुमच्या घरातून कोण येणार? पुरुषांना विचारत नाही. बहुतेक बायका मान डोलावतात. एकीने माझा हात धरून ठेवला. मुरूम अजून अर्ध्यावर आला नाही. पाऊस लागला आणि भराव पूर्ण झाला की मग कायमचं राहिलं.

यांना अजून सांगितलेलं नाही. हे सकाळ-संध्याकाळ स्कूटर पुसतात. तुळशीदासला मात्र वास लागला असावा. आज दुपारी तो आला नाही, त्याने दोन अनोळखी माणसं पाठवली. ती समोरच्या आंब्याखाली उभी राहिली. मी हे लिहिते आहे तेव्हाही आहेत.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. आळीतला क्लेमेंट उद्या कुवेतला परत निघतो आहे, त्याची आई ब्लाउज न्यायला येईल तेव्हा घडीत घालून देईन. तो तुझ्या हातातच देईल. कशावरही सही करू नकोस. आईला जमेल तितक्या लवकर तुझ्याकडे नाहीतर तिच्या बहिणीकडे हलव.

आणि एक लक्षात ठेव. यानंतर तुला पोस्टाने माझं पत्र येऊ शकतं. अक्षर माझंच असेल, मजकूर तुळशीदासचा. त्यात लिहिलेलं असेल की गाळात काही सापडलं नाही, प्लासिड गोव्याला सुखरूप आहे आणि तू काळजी न करता सही करावी. तसं पत्र आलं तर समज की रविवारी मी एकटीच बावखलावर गेले होते.

तुझी,
आज तरी तुझीच,
प्रेमलता